काकूंचं सूत आणि गुरुजींचा काटा

मापाची कुठलीही वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. हा गुण म्हणा की खोड, पण पिंपरीच्या एका कारखान्यात गेज रूममध्ये नोकरी लागली आणि ती वाढतच गेली. दिवसभर मी दुसऱ्यांनी केलेले जॉब, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, तपासायचो आणि त्यातले बरेचसे परत पाठवायचो. "याच्या ताटात भाकरी वाढली तरी हा आधी तिची जाडी बघेल," असं आमचे फोरमन म्हणायचे. एकदा मी खरोखरच बघितली होती, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ही गोष्ट सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाची. चिंचवडला स्टेशनाजवळ एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर एक खोली घेऊन मी राहत होतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको राहत. त्यांना मी काकू म्हणायचो. गुरुजी मूळचे चाकणकडचे. शाळांतून सूतकताई हा विषय होता तेव्हा ते तो शिकवत, आणि पुढे शिक्षिकांना कताई शिकवण्याचा एक वर्गही त्यांच्याकडे होता. मग विषयच बंद झाला. टकळ्या माळ्यावर गेल्या आणि गुरुजींनी उरलेली नोकरी अंकगणित शिकवून संपवली.

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, काकूंनी मला कपाटावरची ट्रंक काढून द्यायला वर बोलावलं. ट्रंकेच्या मागे जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. धोतर जरा सरकलं आणि आतून पितळेची एक वळलेली पट्टी दिसली. पट्टीवर बारीक रेघा आणि आकडे होते. मी ट्रंक तिथंच सोडली.

"हे काय आहे?"

"ते राहू दे," गुरुजी म्हणाले.

"काढ खाली," काकू म्हणाल्या.

दोघं एकदमच बोलले. मी काकूंचं ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

लोखंडाची तीन पायांची बैठक, तिच्यावर हातभर उंचीचा खांब आणि खांबाच्या डोक्यावर झुलणारी एक दांडी. दांडीच्या एका टोकाला सायकलच्या तारेचा वाकवलेला हूक लटकत होता. दुसऱ्या टोकाला शिशाचा लहान गोळा आणि त्याच्या पुढे लांब सुई. सुई पाव वर्तुळाच्या पितळी पट्टीवरून फिरावी अशी सगळी रचना होती, पण सुई वाकलेली होती, दांडी गंजून जागेवरच अडकली होती आणि पितळ पार काळं पडलं होतं. हे सगळं मला नंतर दिसलं. आधी दिसले ते आकडे. सुई जसजशी वर चढेल तसतसे आकडे कमी होत जात होते, वाढत नव्हते. शिवाय त्यांच्यातलं अंतर सारखं नव्हतं. दहा आणि वीस यांच्यामध्ये चांगली तीन बोटं जागा, आणि ऐंशी आणि नव्वद यांच्यामध्ये नखसुद्धा मावू नये. ज्यानं हे कोरलं तो एक तर वेडा असला पाहिजे किंवा माझ्याहून हुशार. मला पहिली शक्यता जास्त आवडली.

"हा काटा वजन दाखवतच नाही," गुरुजी खुर्चीतून उठत म्हणाले. नको नको म्हणणारा माणूस, पण शिकवायची संधी दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. "हा सुताचा नंबर दाखवतो. चार फुटांची एक फेरी, अशा सहाशे चाळीस फेऱ्यांची एक गुंडी. एका रत्तलात, म्हणजे पौंडात, चाळीस गुंड्या बसल्या की ते चाळीस नंबरचं सूत. ऐंशी बसल्या तर ऐंशी नंबर. सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा. या हुकाला पाव गुंडी अडकवायची, एकशेसाठ फेऱ्यांची. सूत जाड असेल तर ते जड भरतं, सुई वर चढते आणि नंबर खाली येतो. कळलं?"

कळलं, आणि मी चाटच पडलो. भागाकार करून उत्तर तयार देणारा काटा मी पहिल्यांदाच पाहत होतो. आकड्यांमधली जागा का आखडत जाते तेही आपोआप उलगडलं. कोरणारा वेडा नव्हता.

"आणि हा काटा खोटा आहे," काकू म्हणाल्या.

"झालं सुरू," गुरुजी म्हणाले.

मग मला जे कळलं ते दोघांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. बासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. गुरुजींच्या वर्गात बारा बायका कताई शिकत होत्या आणि त्यांत काकूही होत्या. शेवटच्या परीक्षेत ज्यांचं सूत चाळीस नंबरचं किंवा त्याहून बारीक ठरेल त्यांना कताई शिक्षिकेची नोकरी मिळणार होती. तळेगावकडच्या एका शाळेत तर काकूंसाठी जागाही धरून ठेवली होती. परीक्षक गुरुजीच. त्यांनी सगळ्यांच्या पाव गुंड्या याच काट्याला लावल्या. काकूंची आली सदतीस. गुरुजींनी लाल शाईनं चिठ्ठीवर सदतीस लिहिलं, चिठ्ठी गुंडीला बांधली आणि बायकोला नापास केलं. पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. सख्ख्या बायकोलाही सोडलं नाही, असा कडक माणूस म्हणून लोक त्यांचं उदाहरण देत. पुढच्या वर्षी वर्ग बंद पडला, त्यामुळं पुन्हा परीक्षेला बसायचा प्रश्नच आला नाही.

"माझा हात चाळीसचा होता," काकू म्हणाल्या. "मला माझं सूत बोटांत कळायचं. त्या दिवशी काट्यातच काहीतरी खोट होती. नंतर सहा महिन्यांत तो फळीवरून पडला आणि मोडला. मोडायच्या आधीच बिघडला नव्हता कशावरून?"

"माझा काटा कधी चुकला नाही," गुरुजी म्हणाले. "भंगारात काढला तेव्हा मी मागून घरी आणला, तो काय उगाच?"

काकूंनी आतून पत्र्याचा एक डबा आणला. वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यात ती पाव गुंडी होती. चिठ्ठी तशीच, लाल आकडा तसाच, गाठही परीक्षेच्या दिवशीची. एवढी वर्षं त्या दर पावसाळ्यानंतर पाला बदलत होत्या. "काटा दुरुस्त करून दे," त्या मला म्हणाल्या. "मला माझं सूत पुन्हा मोजायचंय."

"कर बाबा कर," गुरुजी म्हणाले. "एकदाचं तिचं समाधान होऊ दे."

दोघांनाही आपण जिंकणार याची खात्री होती. मला मात्र तेव्हा कोण जिंकतं याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. मला तो काटा हलताना बघायचा होता.

दांडी सुटायलाच आठ दिवस लागले. रोज संध्याकाळी मी तिच्या सांध्यात रॉकेलचे चार थेंब सोडायचो आणि वाट बघायचो. जोर लावायचा मोह मोठा होता, पण गंजलेल्या वस्तूशी जबरदस्ती केली तर ती तुटते आणि वर आपल्यालाच हसते. नवव्या दिवशी दांडी सुटली. जिच्यावर ती झुलायची ती आस एका बाजूनं खाल्ली गेली होती. तसलीच दुसरी मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोलादी तारेतून करून घेतली, टोक घासून धारदार केलं आणि बाहेर नेताना गेटवरच्या शिपायाला दाखवलं. त्याला ती दात कोरायची काडी वाटली. पितळेला पॉलिश पेपर लावायचा नाही एवढं मला कळत होतं, कारण रेघाच पुसल्या असत्या. त्यावर काकूंनी चिंचेचा कोळ लावून दिला आणि तीन दिवसांत आकडे स्वच्छ दिसू लागले. वाकलेली सुई मी मेणबत्तीवर जरा जरा तापवून सरळ केली.

खरी गंमत पुढे होती. काट्याचा मूळ हूक हरवला होता. सायकलच्या तारेचा हूक गुरुजींनीच काटा पडल्यानंतर कधीतरी लावला होता, आणि त्याचं वजन बरोबर असायचं काही कारण नव्हतं. हूक जड झाला की सुताचा नंबर खाली घसरणार, हलका झाला की वर जाणार. मग खऱ्या हुकाचं वजन किती होतं हे आता कोण सांगणार? आठवडाभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बसमध्ये तोच, जेवताना तोच. फोरमननी एकदा तीन वेळा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही.

उत्तर मिळालं ते त्या आकड्यांमुळंच. दहा नंबरच्या पाव गुंडीचं वजन किती हे गणितानं काढता येतं, वीसचं येतं, चाळीसचं, साठचं, ऐंशीचंही येतं. मी तांब्याच्या तारेचे तेवढ्या तेवढ्या वजनाचे तुकडे केले आणि ते आमच्या लॅबमधल्या नाजूक काट्यावर पारखून घेतले. "काय राव, कंपनीत आता सोनारकामपण सुरू केलं का?" फोरमननी विचारलं. मी म्हटलं, सोनारकाम नाही, सुताचं आहे म्हणून सुतारकाम. ते डोकं हलवत निघून गेले. तर ते तुकडे मी घरी एकामागून एक हुकाला लावले. चुकीच्या हुकानं एखादा आकडा जुळवता येतो. बैठकीला कमी-जास्त कलवणारा स्क्रू पिळून दहा बरोबर आणला की साठ चुकायचा, साठ आणला की वीस पळायचा. सगळे आकडे एकदम जुळतील असा हूक एकच असू शकतो, आणि तोच मूळचा. मी हूक करत गेलो, कानसत गेलो. आठव्या हुकाला दहा, वीस, चाळीस, साठ, ऐंशी सगळे रेघेवर आले. मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. हे सांगायला लाज वाटते, पण वाजवली.

पुढच्या गुरुवारी काटा वर नेला. थंडीचे दिवस होते, हवा कोरडी होती. तरीही सूत दमट नको म्हणून मी गुंडी दोन तास उन्हात ठेवायला लावली. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गुरुजींनी दाढी केली होती आणि चष्मा पुसून ठेवला होता. आधी मी तांब्याच्या तारांनी काटा दोघांना तपासून दाखवला. "बरोबर आहे?" मी काकूंना विचारलं. त्यांनी स्वतः वाकून बघितलं आणि मान हलवली. मग मी चिठ्ठी तात्पुरती सोडवली आणि गुंडी हुकाला लावली.

सुई वर चढली, दोनदा झुलली आणि सदतीसवर थांबली.

खरं सांगायचं तर माझा अंगठा तेव्हा बैठकीच्या स्क्रूवर होता. अर्धा फेरा दिला असता तर सुई चाळीसवर आली असती, आणि मी क्षणभर तो विचार केला. आयुष्यात कुठल्याही मापाला मी असा हात लावायला निघालो नव्हतो. मी अंगठा काढून घेतला.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "कळलं एकदाचं." त्यांनी गुंडी हुकावरून काढली नाही. त्या चहा करायला आत गेल्या. गुरुजी म्हणाले, "मी म्हणत होतो," पण त्यांच्याही आवाजात जीव नव्हता. जिंकल्याचा आनंद होईल असं त्यांना वाटलं असावं, आणि तो कुठंच सापडेना.

मला मात्र राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. काटा बरोबर आहे हे मी स्वतः सिद्ध केलं होतं. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या बाईचा हातही मला ठाऊक होता. सुईत दोरा ओवताना ती न बघता ओवायची. गेज रूममध्ये आम्ही एक गोष्ट शिकलेलो असतो. जॉब बरोबर वाटतोय, गेजही बरोबर आहे आणि तरी जमत नाही, तर जॉब धरायची रीत बघायची. मी सुईकडे बघत बसलो. ही सुई सदतीस म्हणते ते काय धरून? एकशेसाठ फेऱ्या धरून. त्या मोजल्या कुणी?

काकू चहा घेऊन आल्या. "फेऱ्या किती आहेत यात?" मी विचारलं.

"एकशेसाठ," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या किती असणार?"

"आणि वरच्या सोळा," काकू म्हणाल्या आणि माझ्यापुढे कप ठेवला.

"कसल्या वरच्या?"

"वरच्या म्हणजे वरच्या. दहा फेऱ्यांना एक वर. यांचा नियमच होता."

गुरुजी मला समजावून सांगू लागले. विणकरांची तक्रार असायची की हाताळताना दोन-चार धागे तुटतात आणि गुंडी कमी भरते. म्हणून त्यांनी सगळ्यांना शिस्त लावली होती, दहा फेऱ्यांमागे एक फेरी जास्तीची घालायची. देताना कमी पडायला नको. "पण ती मोजायची नसते," ते म्हणाले. "दूधवाला माप झाल्यावर वर जरा धार सोडतो ना, तशी. ती कोण मोजतो?"

"काटा मोजतो," मी म्हटलं.

मी जरा जोरातच म्हटलं असणार, कारण काकू दचकल्या. मग मी गुंडी खाली काढली, खुर्चीच्या पाठीवर ताणली आणि जाड सुईच्या टोकानं धागे मोजायला लागलो. दहाचे गट करत गेलो. काकूही मोजत होत्या, ओठ हलत होते. एकशे साठ झाले. अजून धागे होतेच. एकशे सत्तर. एकशे शहात्तर. मी पुन्हा मोजलं. तेवढेच.

"काट्याला वाटतं की एकशेसाठ फेऱ्यांचं एवढं वजन आहे," मी म्हटलं. "आहेत एकशे शहात्तर. म्हणजे तो सूत दर वेळी खरं आहे त्यापेक्षा एक दशांशानं जाड दाखवणार. गुरुजी, सदतीसला एक पूर्णांक एकनं गुणा."

पेन्सिल मी पुढे केली होती, पण अंकगणित शिकवलेल्या माणसाला तिची गरज नव्हती. त्यांचे डोळे एकदा वर गेले आणि परत खाली आले.

"चाळीस पूर्णांक सात," ते म्हणाले.

मला वाटलं काकू आता हसतील, रडतील, काहीतरी करतील. मला स्वतःला तर नाचावंसं वाटत होतं. काटाही खरा, काकूही खऱ्या, असं उत्तर कोडं सोडवणाऱ्याच्या नशिबी कितीदा येतं! पण त्या नुसत्या उभ्या होत्या. गुरुजी मात्र बोलायला लागले आणि थांबेचनात, आणि त्यांच्या बोलण्यात चाकणकडचं गाव उतरलं, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "बाराजणी व्हत्या. तिघी पास झाल्या. अडतीस नंबरची एक व्हती, आळंदीची, ती पन पास व्हती म्हना की. सदतीसच्या अजून दोघी. आन शाळंतली पोरं? आमी इतकी वर्सं..." त्यांना सगळ्यांचे नंबर पाठ होते. एकेका नंबराला ते मनातल्या मनात गुणत होते, हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं.

"त्यांचं नंतर," काकू म्हणाल्या. "आधी माझं."

गुरुजी थांबले.

"इतकी वर्षं मी काट्याला बोल लावत आले," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तुम्हाला कधी लावला नाही. यांनी जे दिसलं ते लिहिलं, दिसण्यातच खोट होती, असं मनाशी म्हणायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. त्यावर माझा संसार निभावला. आता काटा खरा निघाला. आता मी बोल कुणाला लावू?"

मी चहाच्या कपाकडे बघत होतो. मला पहिल्यांदाच कळलं की मी महिनाभर नेमकं काय दुरुस्त करत बसलो होतो.

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही.

"मला लाव," ते म्हणाले.

काकूंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. "मग ऐका," त्या म्हणाल्या आणि तळेगावच्या त्या शाळेपासून त्यांनी सुरुवात केली. मी उठलो, चपला हातात घेतल्या आणि बाहेरून दार ओढून घेतलं. जिना उतरून माझ्या खोलीत आलो तरी काकूंचा आवाज वरून येत होता. दिवेलागणीपर्यंत तो येत राहिला, आणि गुरुजींचा एकदाही आला नाही.